एका सडपातळ होडीची कहाणी

२००५ सालची गोष्ट. न्यूझीलंडमधील एक गृहस्थ शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊन आडवे झाले. दुखणे म्हणाल तर काही नव्हते. पोटावरची चरबी नळीने ओढून काढायची, तिच्यापासून इंधन तयार करायचे आणि ते आपल्या होडीच्या इंजिनात जाळायचे, एवढाच हेतू! गृहस्थ अंगाने किडकिडीत. डॉक्टरांनी खटपट करूनही जेमतेम शंभर मिलिलिटर माल निघाला. म्हणजे चहाचा एक कप. त्यांच्याहून अंगाने भरलेल्या दोघा स्वयंसेवकांनी मग हातभार लावला (की पोटभार म्हणावे?). जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी चवीने छापली. गृहस्थांना नेमके तेच हवे होते.

त्यांचे नाव पीट बेथ्यून. पेशाने तेलाच्या शोधात हिंडणारे इंजिनियर. सिडनीला पुढच्या शिक्षणासाठी असताना त्यांनी खनिज तेलाला पर्याय असलेल्या इंधनांवर एक प्रबंध लिहिला आणि त्या विषयाने त्यांना झपाटले. वनस्पतींच्या तेलापासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून केलेले जैविक डिझेल कसे असते, हे व्याख्याने देऊन कोणाला पटणार? त्यापेक्षा त्या इंधनावर चालणारी होडी घेऊन पृथ्वीला प्रदक्षिणा घालावी, आणि तीही आजवरच्या कोणत्याही यांत्रिक होडीपेक्षा कमी दिवसांत, असे त्यांनी ठरवले. होडीचे नाव ठेवले ‘अर्थरेस’. यातला अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी. आपला पैशाचा अर्थ नव्हे. मात्र तोही लागलाच. घरची पुंजी, कर्ज, देणग्या, सगळे त्या होडीत गेले.

चरबीची गोष्ट गमतीची म्हणून आरंभी सांगितली. परंतु आज सांगायची आहे ती होडीची. मालकाने पोटावरची वाटीभर चरबी दिली. होडीला मात्र आपल्या अंगावरची सगळी झडवावी लागली. ती कशी, आणि त्याची किंमत काय पडली, हे पाहण्यासारखे आहे.

आधी एक साधा प्रश्न. रस्त्यावर मोटार जोरात न्यायची तर मोठे इंजिन बसवले की काम भागते. पाण्यावर तसे का भागत नाही?

बादलीत पाणी घ्या आणि त्यातून हाताचा पंजा आडवा ओढून पाहा. पाणी पुढे ढकलले जाते, फुगते, बोटांवर चढते. आता तोच पंजा उभा धरून कडेने ओढा. हात सुरीसारखा सरकतो. होडी पुढे जाताना तिच्या नाळेपाशी पाणी असेच फुगते आणि त्याची लाट होते. वेग वाढवला की ही लाट उंच होते, आणि लांबही होते. होता होता अशी वेळ येते की लाटेची लांबी होडीच्या लांबीइतकी होते. एक उंचवटा नाळेपाशी, दुसरा मागे सुकाणूपाशी, आणि मध्ये खळग्यात होडी. याहून जोर लावला तर मागचा उंचवटा आणखी मागे पडतो, होडीचे बूड खाली बसते आणि नाक वर होते. आपणच उभ्या केलेल्या टेकडीवर तिला आता चढायचे असते, आणि ती टेकडी तिच्या पुढे पुढेच चालते. इंजिन दुप्पट केले तरी वेगात दीडदोन नॉटांची भर, अशी रडकथा सुरू होते. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर.

या टेकडीचे गणित प्रथम नीट मांडले ते विल्यम फ्राउड या इंग्रज इंजिनियराने. लहानमोठ्या प्रतिकृती पाण्यातून ओढून त्याने प्रयोग केले आणि १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे राहत्या घराजवळ त्यासाठी खास लांबलचक हौद बांधला. पाण्यावरच्या लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे प्रत्येक साध्या होडीला तिच्या लांबीने ठरवून दिलेली एक वेशीची भिंत असते. २५ फुटी होडीची भिंत सुमारे पावणेसात नॉटांवर, १०० फुटीची सुमारे साडेतेरा नॉटांवर. लांबी चौपट केली तेव्हा कुठे वेग दुप्पट झाला! फुटाला पैसे मोजणाऱ्याला हा सौदा परवडणारा नव्हे.

भिंत ओलांडायचा एक मार्ग म्हणजे पाण्याच्या वर येणे. चपटा दगड तिरका भिरकावला की पाण्यावरून टप्पे घेत जातो ना, तशी. बंदरातल्या वेगवान मोटारबोटी हेच करतात. बूड सपाट, इंजिन दांडगे. शांत पाण्यावर मोठी मौज. पण उघड्या समुद्रात लाटेमागून लाट आली की प्रत्येक टप्पा म्हणजे सिमेंटच्या फरशीवर आपटणे. शिवाय अंग उचलून धरायला शक्ती लागते, शक्तीला इंधन लागते, इंधनाला वजन असते, आणि वजन उचलायला पुन्हा शक्ती. पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या माणसाने या फेऱ्यात सापडू नये.

दुसरा मार्ग बादलीतल्या पंजाने दाखवलेला. होडी इतकी अरुंद करायची की तिने उठवलेली लाटच नगण्य व्हावी. लांबी रुंदीच्या दहापट किंवा अधिक झाली म्हणजे ही टेकडी जणू खचून जाते. भिंत असते, पण उंबरठ्याएवढी. होडी वर उचलायला नको, आपटायला नको. सुई कापडातून जावी तशी पाण्यातून जाते. मग विरोध उरतो तो मुख्यत्वे पाण्याच्या घासण्याचा.

इतके सोपे असते तर सर्वांनी सुयाच बांधल्या असत्या. अडचण अशी की सुई पाण्यावर उभी राहत नाही, कलंडते. आणि येथे गणित फारच निर्दय आहे. लांबी तीच ठेवून रुंदी निम्मी केली तर कलंडण्याला विरोध करण्याची ताकद निम्मी उरत नाही, एक अष्टमांश उरते. रुंदी एक तृतीयांश केली तर सत्ताविसावा हिस्सा. अशा होडीत नुसते उजवीकडून डावीकडे सरकून बसणेही धोक्याचे.

यावर तोड काय? ती काढण्यासाठी कोणत्याही विद्यापीठात जावे लागत नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे समुद्रावर गेलेल्या वाचकांनी ती डोळ्यांनी पाहिली असेल. अरुंद होडी, तिच्यातून एका बाजूला दोन आडव्या दांड्या बाहेर गेलेल्या, आणि त्यांच्या टोकांना पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा, दोन्हीकडे निमुळता केलेला ओंडका बांधलेला. त्याला आपले कोकणी दर्यावर्दी उलांडी म्हणतात. होडी त्या अंगाला कलली की ओंडका पाण्यात दबतो आणि तिला वर ढकलतो. उलट अंगाला कलली की त्याचे वजन तिला खाली ओढते. लहान मूल चालायला शिकताना भिंतीला हात टेकते, तसा हा टेकलेला हात. हीच युक्ती श्रीलंकेत आहे, इंडोनेशियात आहे आणि पॅसिफिकच्या बेटांवर तर तिच्या जोरावर माणसांनी हजारो मैलांचा समुद्र वसवला. न्यूझीलंडचे माओरी लोकही अशाच नावांतून त्या भूमीवर उतरले. तेव्हा ‘अर्थरेस’ तेथे जन्मली यात नवल नाही.

जाता जाता शब्दाची एक गंमत सांगतो. गेटवेवरून मांडव्याला जाताना आपण ज्या जुळ्या धडांच्या बोटीला कॅटमरान म्हणतो, तो शब्द मुळात तमिळ आहे: कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड. चोलमंडल किनाऱ्यावरचे कोळी चारपाच ओंडके दोरीने बांधून जो तराफा करत, त्याचे हे नाव. त्याला दोन धडे नाहीत की काही नाही! सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीने आपल्या प्रवासवर्णनात हा शब्द नोंदवला, आणि पुढे कसा कोण जाणे, तो जुळ्या होडीला चिकटला. १८७६ साली अमेरिकेत नॅथनेल हेरेशॉफने ‘ॲमरिलिस’ नावाची जुळी शिडाची होडी शर्यतीत उतरवली. तिने भल्याभल्या मातबरांच्या होड्यांना मागे टाकले. परिणाम? पंचांनी तिलाच बाद केले. कारण ती इतरांसारखी नव्हती!

मातबरांना पुढे नमते घ्यावे लागले, पण त्यासाठी शतकाहून अधिक काळ जावा लागला. १९९० साली टास्मानियात बांधलेली ७४ मीटरांची ‘हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन’ ही जुळी बोट ३ दिवस ७ तास ५४ मिनिटांत अटलांटिक ओलांडून गेली. ‘युनायटेड स्टेट्स’ या प्रचंड प्रवासी जहाजाचा १९५२ पासूनचा विक्रम तिने मोडला. एका बाजूला तरंगता राजवाडा, दुसऱ्या बाजूला मोटारी वाहून नेणारी ॲल्युमिनियमची फेरीबोट!

बेथ्यून यांच्यापुढे जो विक्रम होता तोही एका सडपातळ होडीचाच. नायजेल आयरन्स या इंग्रज रचनाकाराने आखलेली ३५ मीटरांची ‘केबल अँड वायरलेस ॲडव्हेंचरर’ १९९८ साली जिब्राल्टरहून निघाली आणि ७४ दिवस २० तास ५८ मिनिटांत परत आली. ज्यूल्स व्हर्नच्या ऐंशी दिवसांवर मात करायची, ही तिची ईर्षा. मधले धड सुईसारखे, दोन्ही अंगांना दोन छोटी धडे, म्हणजे दुहेरी उलांडीच. तीन धडांच्या या जातीला ट्रायमरान म्हणतात. दोन धडांच्या होडीत वजन दोघांवर सारखे वाटले जाते. तीन धडांच्या होडीत जवळजवळ सगळा भार मधले धड वाहते आणि बाजूची दोघे फक्त हात टेकतात. त्यामुळे पाण्याला घासणारे अंग कमी होते आणि लांब पल्ल्याला इंधन वाचते.

ऑकलंडच्या क्रेग लूम्स यांनी ‘अर्थरेस’साठी हीच जात घेतली, पण एक पाऊल पुढे जाऊन. त्यांची होडी लाटेवर चढणार नव्हती. लाट भेदून तिच्या पोटातून जाणार होती.

हा विचार ऐकायला वेडगळ वाटतो. होडीने लाटेवर स्वार व्हावे ही आपली समजूत, आणि तिची नाळही त्यासाठीच वर फुगवलेली असते. लाट आली की फुगीर नाळेला पाणी वर उचलते, मग लाट सरते आणि नाक खाली आपटते. या वरखाली होण्यात वेग जातो, सांगाडा खिळखिळा होतो आणि माणसांची आतडी गळ्याशी येतात. लूम्स यांनी नाळच अशी बारीक केली की लाटेला उचलायला काही सापडू नये. लाट आली की होडीचे नाक तिच्यात शिरणार, पाणी टपावरून वाहून जाणार आणि होडी पलीकडून निघणार. आता काही काळ पाण्याखाली जायचे म्हणजे दारे-खिडक्या पाणबुडीसारख्या हव्यात. पण पाणबुडीला समुद्राखाली न चालणारे डिझेल इंजिन येथे होते, आणि इंजिनाला श्वास लागतो. म्हणून हवा ओढून घेणारी नळकांडी दोन्ही बाजूंना शिंगांसारखी उंच नेली. २४ मीटर लांब, बाजूच्या धडांसकट सात मीटर रुंद, मधून कमानदार पंख निघालेले आणि वर ही शिंगे. फेब्रुवारी २००६ मध्ये ती पाण्यात उतरली तेव्हा पाहणाऱ्यांना होडीपेक्षा एखाद्या अगडबंब किड्याची किंवा परग्रहावरच्या यानाची आठवण झाली असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

पण दिसण्याला भुलू नये. अशा होडीच्या रचनाकाराचे खरे काम कागदावर बाक काढण्याचे नसते, तराजू घेऊन बसण्याचे असते. गावाला निघताना घरात जे घडते ते आठवा. वडील म्हणतात एकच ट्रंक. आई म्हणते एवढे लोणचे राहू द्या. आजीला उशी हवी. मुलांना पत्त्यांचा डाव. स्टेशनावर हमाल दोन करावे लागतात. होडीत शंभर किलो वाढले की तेवढे पाणी बाजूला सारायला धड किंचित मोठे करावे लागते, मोठ्या धडाला जाड पत्रा, जाड पत्र्याला जास्त वजन, त्याला मोठे इंजिन, त्याला मोठी टाकी. शंभराचे तीनशे कधी झाले ते कळत नाही. रुंद होडी हा अपराध पोटात घालते. सडपातळ होडी घालत नाही. ती खाली बसते, तिचे बाजूचे हात नको इतके पाण्यात बुडतात आणि सगळा हिशेब विसकटतो.

म्हणून भिंती कोळशाच्या धाग्यांच्या, म्हणजे कार्बन फायबरच्या आणि केव्हलारच्या. त्यांची रचना आपल्या ओळखीची आहे. पुठ्ठ्याचा खोका फाडून पाहा. दोन पातळ कागद आणि मध्ये नागमोडी पोकळी. कागद एकमेकांना चिकटवले तर सहज वाकतील. थोडे दूर धरले की खोक्यावर माणूस उभा राहतो. होडीतही दोन पातळ थर आणि मध्ये हलका फेस असतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा साधारण आठपट. होडीच्या रुंदीत ज्या गणिताने आपल्याला लुबाडले, तेच येथे परतफेड करते! मात्र थर चिकटवणारे राळेसारखे रसायन बेताने वापरावे लागते. जरुरीहून जास्त गेलेली राळ ताकद वाढवत नाही, नुसती वजनात भर. यासाठी ओल्या थरांवर प्लास्टिक ताणून आतली हवा पंपाने ओढून घेतात, म्हणजे वातावरणाच्या दाबाने थर घट्ट बसतात.

इंधनाचे कोडे याहून बिकट. इंजिने दोन, प्रत्येक ५४० अश्वशक्तीचे. जोर लावला तर वेग चाळीस नॉटांच्या घरात. ढोबळ हिशेबाने दोन्ही इंजिने पूर्ण जोरावर तासाला दोनशे लिटरांहून थोडे जास्तच पितात. टाकी सुमारे दहा हजार लिटरांची. म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस तासांत खडखडाट, आणि तोवर चाललेले अंतर एकोणीसशे सागरी मैल. सॅन डिएगोहून होनोलुलू मात्र सव्वादोन हजार! तेव्हा चाळीस नॉटांची होडी बांधायची आणि तिला वीस-पंचविसावर चालवायची, हीच खुबी. आपल्याकडे संसार करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे निराळे समजावून सांगायला नको.

त्यातून हे दहा हजार लिटर म्हणजे जवळजवळ नऊ टन. निघताना होडी पोट भरलेली, पोहोचताना उपाशी. भरल्या पोटी ती खोल बसते आणि बाजूची धडे पाण्यात रुततात. रिकाम्या पोटी ती वर येते आणि तीच धडे पाणी सोडू पाहतात. एक हात टेकला, दुसरा अधांतरी, अशी ती या कुशीवरून त्या कुशीवर झोके घेऊ लागते. एकाच आकाराने दोन वेगळ्या होड्यांचे काम करायचे. या धडांची उंची आणि जागा ठरवताना चार बोटांचा फरक पडला तरी पुढच्या साठ दिवसांच्या झोपेवर त्याचा परिणाम होतो. झोपेचे म्हणाल तर अशा होडीत ऐसपैस काहीच नसते. मधले धड म्हणजे आगगाडीच्या डब्यातला बोळ. त्यात चौघांनी राहायचे, खायचे, पाळीपाळीने झोपायचे, आणि पाठीशी रात्रंदिवस दोन इंजिनांचा घणघणाट.

१० मार्च २००७ रोजी बार्बाडोसहून पहिला प्रयत्न सुरू झाला. आणि नवव्या दिवशी रात्री, ग्वाटेमालाच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर, ‘अर्थरेस’ एका लहानशा मासेमारी होडीवर आदळली. त्या होडीत तिघे होते. एक जबर जखमी झाला. एक सापडलाच नाही.

‘अर्थरेस’वरचे सर्व सुखरूप होते. त्यांना ताब्यात घेण्यात आले, चौकशी झाली आणि शेवटी निर्दोष म्हणून सोडण्यात आले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. पण मला ही हकीकत वाचताना पुन्हा पुन्हा आपल्या किनाऱ्यावरचा कोळी दिसतो. अंधारात जाळे टाकून बसलेला, पायाशी एखादा कंदील, बाजूला उलांडी. लाट भेदायला बारीक केलेले ते नाक रात्री वीस-पंचवीस नॉटांनी येते तेव्हा त्याच्या आड लाटच येईल असे कोठे लिहिले आहे? रचनाकाराच्या कागदावर समुद्र नेहमी रिकामा असतो.

होडी पुढे निघाली खरी, पण खोळंबा फार झाला होता आणि दुरुस्त्या संपत नव्हत्या. मे अखेरीस भूमध्य समुद्रात स्पेनच्या मालागाजवळ तिच्या धडालाच तडा गेलेला आढळला. प्रयत्न सोडून द्यावा लागला.

दुसऱ्या कोणी होडी विकून कर्ज फेडले असते. बेथ्यून यांनी ती दुरुस्त केली आणि २७ एप्रिल २००८ रोजी व्हॅलेन्सियाजवळच्या सागुंतोहून पुन्हा नांगर उचलला. अटलांटिक, पनामाचा कालवा, मेक्सिको, सॅन डिएगो, हवाई, मार्शल बेटे, पलाऊ. त्या टापूत पाण्यात तरंगणाऱ्या कशाला तरी धडकून पंख्याला इजा झाली आणि रखडत सिंगापूर गाठावे लागले. तेथे दुरुस्ती करून ती आपल्या कोचीला इंधनासाठी आली, आणि ओमानच्या सलालाकडे निघाली. महिना कोणता? जून! ज्या महिन्यात आपल्या किनाऱ्यावरच्या होड्या झापांखाली शाकारलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना पाण्याचे दर्शन नसते, त्या महिन्यात चोवीस मीटरांची ही होडी नैर्ऋत्येचा वारा अंगावर घेत अरबी समुद्र ओलांडून गेली. उलांडीच्या विद्येला आणि लाटेच्या पोटातून जाण्याच्या त्या वेडगळ विचाराला याहून मोठी परीक्षा नव्हती.

पुढे सुएझ, आणि २७ जून रोजी सागुंतो. ६० दिवस २३ तास ४९ मिनिटे. सुमारे चोवीस हजार सागरी मैल. जुना विक्रम १३ दिवस २१ तासांनी मोडला. तुलनेसाठी एक आकडा देतो. १९६० साली अमेरिकेच्या ‘ट्रायटन’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीने पाण्याखालून पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा तिला ६० दिवस २१ तास लागले होते. मार्ग निराळा, केप हॉर्नवरून. तेव्हा बरोबरी लावणे शास्त्रशुद्ध नव्हे. पण ४४७ फूट लांबीच्या अणुपाणबुडीची आणि ७८ फुटी होडीची दिवसांत इतकी गाठ पडावी, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

विक्रम झाला. आता अशा होडीचे करायचे काय? माल नेता येत नाही, प्रवासी बसत नाहीत. २००९ साली देवमाशांच्या शिकारीविरुद्ध समुद्रात जाऊन झगडणाऱ्या ‘सी शेफर्ड’ या संघटनेकडे ती गेली. पैसा पुरवणाऱ्या गृहस्थाच्या नावावरून तिचे नाव ‘ॲडी गिल’ झाले, अंगावर काळा रंग चढला, आणि बेथ्यून तिच्यासह अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात जपानी शिकारी ताफ्याच्या पाठलागावर गेले. वेगाच्या जोरावर शिकारी जहाजांना गाठायचे, हा बेत. उष्ण समुद्रांसाठी आखलेली, कागदी खोक्यासारख्या भिंतींची होडी बर्फाच्या तुकड्यांत न्यावी की नाही, याबद्दल रचनाकाराला विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते याचा अंदाज वाचकांनी करावा. मला स्वतःला तो हट्ट वाटतो.

६ जानेवारी २०१० रोजी जपानी ताफ्यातील ‘शोनान मारू क्रमांक २’ आणि ‘ॲडी गिल’ यांची टक्कर झाली. पोलादी जहाजाने होडीचे नाक साफ कापून काढले. आत सहा माणसे होती. एकाच्या फासळ्या मोडल्या, पण सर्वांना ‘बॉब बार्कर’ या सोबतच्या जहाजाने उचलून घेतले. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर आरोप केले. न्यूझीलंडच्या सागरी खात्याने चौकशी केली आणि दोघांनाही दोष दिला. बेथ्यून पुढच्या महिन्यात रात्री गुपचूप त्याच जपानी जहाजावर चढले, जाब विचारायला! तेथून त्यांना जपानला नेण्यात आले, खटला झाला आणि दोन वर्षांची स्थगित शिक्षा होऊन ते मायदेशी परतले.

नाक गेलेली होडी मात्र लगेच बुडाली नाही. पुढचा भाग नसताना ती दिवसाहून अधिक काळ तरंगत होती, आणि ‘बॉब बार्कर’ने तिला ओढत नेण्याचाही प्रयत्न केला. मग ती खाली गेली. आपण होऊन गेली की मुद्दाम बुडवली, यावरून पुढे तिच्याच माणसांत मोठा वाद झाला आणि तो न्यायदरबारापर्यंत पोहोचला.

टकरीच्या वेळची चित्रफीत पुष्कळांनी पाहिली आहे. चाळीस नॉटांसाठी बांधलेली ती होडी त्या वेळी जवळजवळ जागच्या जागी उभी होती. दिवस शांत होता, आणि तिच्यावरची माणसे टपावर येऊन बसली होती.